परण्यात कोंबडी आधी वाजते

बेंजोच्या बटणांवरची अक्षरं केव्हाच झिजून गेली आहेत. दोन बटणांवर तेवढे लाल नेलपॉलिशचे ठिपके आहेत. "एक सा, एक प. रात्री फोकस डोळ्यावर आला की बोटाला खूण लागते," बेंजोवाला दादा सांगतो. डाव्या हाताची बोटं बटणं दाबतात, उजव्या हातातली नखी तारा छेडते, खालच्या पिकअपमधून आवाज थेट अँपमध्ये. या वाद्याचा खऱ्या बँजोशी काही संबंध नाही. 1912 साली जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी बनवलेलं हे ताइशोगोतो. आपल्याकडे ते बुलबुलतरंग म्हणून आलं, चाळीत आणि भजनात रमलं आणि शेवटी टेम्पोवर चढून लग्नाच्या वरातीत शिरलं.

नारायणगावजवळच्या एका शेडमध्ये दादाची ही बेंजो पार्टी गाणं बसवत होती. चैत्र-वैशाखात जुन्नर आणि आंबेगावात एकामागून एक गावच्या जत्रा, त्यात लग्नाच्या तिथी, त्यामुळे सीझन सुरू व्हायच्या आत गाणी हातात बसलेली लागतात. ऑक्टापॅड टोमॅटोच्या दोन क्रेटवर, कीबोर्ड लोखंडी स्टँडवर, आणि कोपऱ्यात हलगी घेऊन बसलेले मामा. पार्टीत वयाने सगळ्यात मोठे तेच. आज जोडायची होती ‘कोंबडी पळाली’ आणि ‘चिकनी चमेली’.

या जोडीची गंमत अशी की दोन्ही गाणी एकाच घरातली. ‘जत्रा’ हा केदार शिंदेंचा चित्रपट 2006 चा. कोंबडीचे शब्द जितेंद्र जोशीचे, आवाज आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांचे, पडद्यावर भरत जाधव आणि क्रांती रेडकर. संगीत अजय-अतुलचं. सहा वर्षांनी, 2012 च्या जानेवारीत, ‘अग्निपथ’ आला आणि त्याच अजय-अतुलनी तीच चाल हिंदीत नेली. शब्द अमिताभ भट्टाचार्यचे, आवाज श्रेया घोषालचा, नाचायला कतरिना कैफ. म्हणजे चाल उचलणारे तेच, ज्यांनी ती बांधली. वडिलांच्या महसूल खात्यातल्या नोकरीमुळे या भावांचं लहानपण जुन्नर, शिरूर, राजगुरुनगर अशा गावांत गेलं. त्यामुळे या शेडमधल्या मंडळींना दोन्ही गाण्यांवर आपला थोडा हक्क आहे असं वाटतं. मला तो दावा मान्य आहे.

काम सुरू झालं ते फोनवर गाणी ऐकत. आधी मराठी गाणं, मग हिंदी, पुन्हा मराठी. कागदावर कुणी काही लिहीत नाही. कीबोर्डवाला पोरगा पीस गुणगुणतो, वाजवतो, मान हलवतो, परत मागे नेतो. पहिली अडचण पट्टीची. गायक-गायिकांच्या पट्ट्या वेगळ्या असतील. बेंजो काळी एकला लावलाय तर गाणं काळी एकमध्येच वाजणार. वरातीत तारा उतरवत बसायला कुणाला वेळ आहे?

दुसरी अडचण आवाजांची. कोंबडीत बाई आणि बुवा दोघं आहेत. वैशाली सामंतांच्या ओळी बेंजोकडे, आनंद शिंदेंच्या ओळी कीबोर्डवर खालच्या सप्तकात, ट्रम्पेटच्या टोनमध्ये. मी सॅक्सोफोन सुचवून पाहिला. "नको, सॅक्सोफोन मऊ पडतो. शिंदेंचा आवाज कसा, रस्त्याच्या पलीकडून हाक मारल्यागत," दादा म्हणाला. हिंदी गाण्यात गळा एकट्या श्रेयाचाच, म्हणजे कीबोर्ड मोकळा. तो मधले पीस भरतो, उठाण देतो आणि पोरगं खुलतं.

मग जोड. दुसरा अंतरा संपला की बेंजो थांबतो, कीबोर्ड थांबतो, आणि दोन आवर्तनं नुसती हलगी. मामांच्या उजव्या हातात जाड टिपरू, डाव्यात बारीक काडी. टिपरू मध्यावर पडतं तेव्हा घुमारा, काडी कडेला पडते तेव्हा चटका. पूर्वी कातडं शेकोटीवर तापवल्याशिवाय हलगी बोलत नसे. आता वर फायबर आहे, पाऊस असो की दव, ताण उतरत नाही. "पण फायबर रागावून बोलतं. कातडं समजावून सांगायचं," मामा म्हणाले आणि तोड घेतली. तोड संपते त्या समेवर ऑक्टापॅडवाल्याने खालच्या रांगेतल्या पॅडवर जड किक टाकली. मुखड्याची चाल तीच, बेंजोची बटणं तीच, पण त्या क्षणाला शेडच्या दारात बसलेली दोन पोरं उठून नाचायला लागली. चिकनी आली.

मी म्हटलं, एकदा किक काढून वाजवा. वाजवलं. आता मुखडा मराठी आहे की हिंदी, हे कुणालाच सांगता येईना. बेंजोला शब्द नसतात, गायिकेचा श्वास नसतो, पडदा नसतो. ही पार्टी जे वाजवते त्यात मूळ गाणं आणि त्याची नवी आवृत्ती यांच्यात फरक उरतो तो फक्त खालच्या ठेक्याचा. तो ज्याच्या हातात, गाणं त्याचं.

मामांना यात नवल वाटत नाही. त्यांचे वडील तमाशाच्या फडात हलगी वाजवायचे. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं गाव. पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या इथे पडतात आणि गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात. गण, गवळण झाली की वगाच्या आधी रंगबाजी, आणि रंगबाजीत सिनेमाची गाणी कैक वर्षांपासून नाचली जातात. सिनेमाने फडातली लावणी उचलायची, फडाने ती सिनेमातून परत आणून ढोलकीवर चढवायची. 2010 मध्ये तमाशावरचा ‘नटरंग’ हा चित्रपट आला तेव्हाही तेच झालं. "आमच्याच घरची गाणी, नवी साडी नेसून माघारी आली," मामा म्हणाले.

शेडमधलं सगळं खरं ठरतं ते परण्यात, नवरदेवाच्या मिरवणुकीत. नवरदेव मारुतीला निघाला, मंचरच्या पुढच्या एका गावात, संध्याकाळची वेळ. सुरुवातीला देवाचं गाणं, मग एक जुनी लावणी, मग कोंबडी. आधी कोंबडीच का, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. शिंदेंच्या ओळी ट्रम्पेटवर आल्या की नवरदेवाचे मामे आणि चुलते टोपी सावरत रिंगणात उतरतात, करवल्या त्यांना बघून हसत हसत मागून येतात. किक आधीच टाकली तर फक्त पोरं नाचतात आणि म्हातारी माणसं कडेला सरकतात ती सरकतातच. हलगीवाले मामा वाजवताना कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हते, नजर सगळ्यांच्या पायांवर. म्हाताऱ्यांचे पाय जड पडायला लागले तशी त्यांनी मान उडवली, तोड घेतली आणि जोड आली. माझं मत विचाराल तर हिंदी गाणं जास्त घोटीव आहे, श्रेया घोषालने ते गायलंही अचाट, पण गल्लीत मराठीच सरस. त्यात दुसऱ्याने शिरायला जागा आहे.

दहाला स्पीकर बंद करावे लागतात, म्हणून साडेनऊनंतर फर्माइशींची घाई उडते. मुंबईहून आलेला एक पाहुणा नोट हलवत पुढे आला. त्याला ‘झिंगाट’ हवं होतं. ‘सैराट’मधलं नको, 2018 च्या ‘धडक’मधलं, हिंदीवालं. दादाने बेंजोवरून मान वर न करता विचारलं, "हिंदीच ना, नक्की?" पाहुणा म्हणाला, हिंदीच. दादाने मामांकडे बघितलं, मामांनी टिपरू उचललं आणि दर लग्नात वाजतं तेच झिंगाट सुरू झालं. पाहुणा मनसोक्त नाचला. नोट पन्नासची निघाली.