मोरचंग : दोन जिभांचे वाद्य

तळहातावर मावेल एवढी लोखंडी चौकट आणि तिच्या मधोमध बसवलेली पोलादाची एक पातळ जीभ. मोरचंग म्हणजे एवढेच! तारा नाहीत, भोके नाहीत, चामड्याचे तोंड नाही. चौकट दातांशी धरायची आणि त्या जिभेचे वळलेले टोक बोटाने छेडायचे. पोलादी जिभेला आपण या लेखात ‘पाते’ म्हणू. कारण पुढे तुमच्या तोंडातल्या जिभेशीही गाठ पडणार आहे.

राजस्थानात लंगा आणि मांगणियार कलावंत हे वाद्य वाजवतात. दक्षिणेत त्याला मोरसिंग म्हणतात. तेथे ते कर्नाटक संगीताच्या मैफलीत मृदंगम, घटम आणि खंजिरा यांच्या जोडीने तालवाद्य म्हणून बसते. आसामात बिहूच्या वेळी वाजणारी गगना ही याचीच बांबूची बहीण. सायबेरियातील याकूत लोकांचे खोमुस आणि व्हिएतनाममधील पितळी दान मोई हीसुद्धा याच कुळातली. चीनमधील शिमाव येथील उत्खननात तर सुमारे ४,००० वर्षांपूर्वीची हाडाची अशी वाद्ये सापडली आहेत.

साधे मोरचंग काही शे रुपयांत मिळते. पण हौसेने आणलेले हे वाद्य पुष्कळदा आठवड्याभरात कपाटात जाऊन पडते, आणि ‘आपल्याला संगीतातले काही जमत नाही’ असा समज मात्र मनात घर करून राहतो. खरे पाहता कारणे बहुधा दोनच असतात. एक तर वाद्य सदोष निघालेले असते. नाहीतर, सूर कोठून येतात हे न कळता नुसते छेडणे चाललेले असते. दोन्हींवरचा उपाय ध्वनिशास्त्रात सापडतो.

पाते एक, सूर एक

प्लॅस्टिकची पट्टी टेबलाच्या कडेवर दाबून धरा आणि बाहेर आलेले टोक छेडा. बाहेरचा भाग लांब ठेवला तर पट्टी सावकाश हलते, आखूड ठेवला तर भराभर. दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येला कंप्रता म्हणतात. ती वाढली की सूर चढतो. मोरचंगाचे पाते चौकटीत पक्के बसवलेले असते. त्याची लांबी बदलता येत नाही, म्हणून त्याची मूळ कंप्रताही ठरलेली असते. हिशेबाच्या सोयीसाठी ती १०० हर्ट्झ मानू.

मग एकाच पात्यातून चाल कशी निघते? येथे चौकटीचे काम सुरू होते. पाते चौकटीच्या दोन समांतर भुजांमधून जाते, तेव्हा दोन्ही बाजूंना अगदी बारीक फट उरते. पाते फटीत आले की हवेची वाट जवळजवळ बंद होते. पुढे सरकले की वाट मोकळी होते. हवेचा प्रवाह असा झटक्याझटक्याने तुटतो. नियमितपणे पुन्हा पुन्हा घडणाऱ्या, पण झटक्यांच्या अशा हालचालीतून मूळ सुराबरोबर त्याच्या पटीतले सूरही निघतात : २००, ३००, ४००, ५०० हर्ट्झ आणि त्याही वरचे. यांना संनादी सूर म्हणतात. ते सगळे एकाच वेळी हजर असतात, म्हणून आपल्याला नुसती गुणगुण ऐकू येते. त्यांपैकी एकाला पुढे आणण्याचे काम तुमच्या तोंडाचे.

तोंड काय करते?

यासाठी वाद्याचीही गरज नाही. गळ्यातून आवाज न काढता, नुसत्या कुजबुजीत ‘ऊ - ओ - आ - ए - ई’ म्हणून पाहा. कुजबुज पायरीपायरीने चढत जाते. गळा काही गात नाही. जीभ पुढे सरकते, ओठ उघडतात आणि तोंडातल्या पोकळीचा आकार बदलतो, एवढेच. प्रत्येक पोकळीला तिच्या आवडीच्या कंप्रता असतात. बाहेरून नेमकी तशी कंप्रता आली की पोकळीतील हवा जोराने साथ देते. यालाच अनुस्पंदन म्हणतात. झोक्याला त्याच्या ठेक्यात झोका दिला की तो उंच जातो, तसेच हे.

मोरचंगाचे पाते डझनभर संनादी सूर तोंडाच्या दाराशी आणून ठेवते. पोकळी ८०० हर्ट्झला जुळली तर आठवा संनादी सूर उठून दिसतो, ९०० ला जुळली तर नववा. पाते मात्र खाली आपला १०० चा सूर धरूनच असते. तंबोऱ्याच्या साथीने कुणी गावे, तसा हा प्रकार. फक्त तंबोरा आणि गायक येथे एकाच तोंडात असतात.

ही गोष्ट प्रयोगाने उलगडणाऱ्यांपैकी एकाचे नाव तुम्ही विजेच्या धड्यात वाचलेच असेल. ‘व्हीटस्टनचा सेतू’ ज्याच्या नावाने ओळखला जातो, तो चार्ल्स व्हीटस्टन वाद्ये बनवणाऱ्या घराण्यातला होता. कॉन्सर्टिना हे वाद्य त्याचेच. १८२८ साली हवेच्या स्तंभातील अनुस्पंदनावर त्याने जो निबंध लिहिला, त्यात या वाद्याचे विवेचन आहे.

‘म’ कुठे गेला?

आठव्या संनादी सुराला ‘सा’ मानले तर नववा ‘रे’, दहावा ‘ग’ आणि बारावा ‘प’ होतो. पंधरावा शुद्ध ‘नि’, आणि सोळावा वरचा ‘सा’. पण शुद्ध मध्यमाचे षड्जाशी प्रमाण ४ : ३ असते. आठाला ४/३ ने गुणले की १०.६७ येतात. संनादी सूर पूर्ण पटीतच असतात. पावणेअकरावा सूर कोठून आणणार? अकरावा आहे, पण तो शुद्ध मध्यम आणि तीव्र मध्यम यांच्यामध्येच लोंबकळतो. शुद्ध धैवताचीही हीच गत : त्याला १३.३३ हवेत.

म्हणजे एखादी चाल मोरचंगावर निघत नसेल तर प्रत्येक वेळी दोष तुमचा नसतो; अंकगणितच आड येते. एकोणिसाव्या शतकातील ऑयलनश्टाइन हा जर्मन वादक या अडचणीवर मात करण्यासाठी वेगवेगळ्या सुरांची १६ वाद्ये घेऊन बसत असे. आपण मात्र सुरुवात सा, रे, ग, प या चारांवरच करावी.

निवडताना

आता चांगले वाद्य ओळखणे सोपे जाईल. सारे काही त्या फटीवर अवलंबून आहे.

१) वाद्य उजेडासमोर धरा. पात्याच्या दोन्ही बाजूंची फट सारखी आणि बारीक दिसली पाहिजे. कागदाच्या जाडीच्या आसपास असली तर उत्तम. फट रुंद असली तर हवा नीट तुटत नाही आणि वरचे संनादी सूर दुबळे पडतात.

२) वाद्य हातातच धरून पाते हलकेच छेडा. ते काही सेकंद सलग हलत राहिले पाहिजे. खडखड आली तर पाते भुजेला घासते आहे.

३) पात्याचे मूळ चौकटीत घट्ट हवे. ते सैल असेल तर कंपनाची ऊर्जा तेथेच वाया जाते आणि सूर लगेच विझतो.

४) छेडायचे टोक गोल वळलेले असावे. भुजांच्या कडांवर बोट फिरवा. कोठेही टोचता कामा नये. गंज किंवा पोपडे सुटणारा रंग असलेले वाद्य तोंडाला लावूच नका.

५) पहिले वाद्य मऊ पात्याचे घ्या. कडक पाते छेडायला जोर लागतो, आणि जोर आला की हात हलतो.

सूर कोणता, याची सुरुवातीला चिंता नको. मोरसिंगवादक पात्याच्या टोकाला मेणाचा कण लावून सूर उतरवतात. वस्तुमान वाढले की कंप्रता घटते. सूर चढवण्यासाठी मात्र पाते कानसावे लागते, आणि कानसलेले पोलाद परत येत नाही. तेव्हा कानस दूरच ठेवा.

शिकताना

डाव्या हाताने चौकटीचा गोल भाग धरा. भुजा दाबू नका, नाहीतर फट बिघडते. वरच्या आणि खालच्या दातांमध्ये पाते मोकळे फिरेल एवढे अंतर ठेवा आणि भुजा दातांना हलक्या टेकवा. ओठ भुजांवर ठेवा, पात्याला लागू देऊ नका. मग उजव्या हाताच्या तर्जनीने टोक बाहेरच्या बाजूला छेडा.

पहिले दोन-तीन दिवस फक्त सलग, स्वच्छ सूर काढा. नंतर एकसारखे छेडत, मघाची ‘ऊ - ओ - आ - ए - ई’ ही मालिका आवाज न काढता, नुसत्या जिभेने करा. सूर पायऱ्यापायऱ्यांनी चढताना ऐकू येतील. घसरत नाहीत, उडी मारतात. कारण मधले सूर पात्याने दिलेलेच नाहीत. शेवटी श्वास जोडा. छेडताना श्वास आत ओढला किंवा बाहेर सोडला की फटीतून हवा वेगाने जाते आणि आवाज भरदार होतो.

दात सांभाळा

ऑयलनश्टाइनच्या दातांना लोखंडी वाद्याने इजा झाली आणि शेवटी त्याला वादन सोडावे लागले, हे विसरू नका. भुजा चावू नका. दात हलत असेल किंवा दातांना तारा बसवल्या असतील तर लोखंडी मोरचंग तूर्त नकोच. ओठांशी धरायचे पितळी दान मोई त्या मानाने निर्धोक. एकाचे वाद्य दुसऱ्याने धुतल्याशिवाय वाजवू नये. वाजवून झाले की पुसून कोरडे करावे, खोबरेल तेलाचे बोट फिरवावे आणि डबीत ठेवावे. खिशात पाते कापडाला अडकून वाकते.

वर्गात करून पाहा

ध्वनीचा वर्णपट दाखवणारे ॲप मोबाइलवर मिळते. शिक्षकांच्या मदतीने ते सुरू करा आणि मोरचंग वाजवा. समान अंतरावरच्या रेघा दिसतील. तोंडाचा आकार बदलला तरी रेघा जागच्या हलणार नाहीत. फक्त कधी ही, कधी ती रेघ ठळक होईल. आता पात्याच्या टोकाला मेणाचा बारीक कण लावला, तर रेघांमधले अंतर वाढेल की कमी होईल? उत्तर आधी वहीत लिहा, आणि मगच पाते छेडा.