देवमाशाचा कान संगणकाने ‘काढलेला’ नसतो

जीवाश्माची त्रिमिती प्रतिमा दाखवली की हमखास कोणीतरी म्हणते, “हे सगळं कॉम्प्युटरवर काढलेलं. यात खरं काय?” हीच माणसे पोटाचा सीटी स्कॅन पाहून निमूट ऑपरेशनला तयार होतात. तंत्र दोन्हीकडे एकच आहे!

नमुन्यातून अनेक कोनांनी क्ष-किरण सोडतात. कुठे किती किरण शोषले गेले, त्या मोजमापांवरून गणिताने एकेक काप उभा राहतो. हाड आणि आत साचून दगड झालेला गाळ यांची घनता वेगळी असेल, तर त्यांची सीमा दिसते. रंग अभ्यासक नंतर भरतात, आणि पुसट जागी सीमाही त्यांनाच ठरवावी लागते, हे खरे. पण मूळ काप हाताशी असले की तो निर्णय दुसऱ्याला तपासता येतो. कल्पनाचित्राची अशी तपासणी करता येत नाही.

देवमाशांचे जीवाश्म चंडीगडला अभ्यासले गेले म्हटले, की ‘चंडीगडला समुद्र कुठे आहे?’ हा प्रश्नही नेहमीचाच. जीवाश्म-अभ्यासक अशोक साहनी आणि व्ही. पी. मिश्रा यांनी १९७५ मध्ये कच्छमधल्या हारुडीच्या प्राचीन देवमाशाचे वर्णन केले. १९८६ मध्ये त्याला रेमिंग्टनोसीटस हे नाव मिळाले, तेव्हा साहनी चंडीगडच्या पंजाब विद्यापीठात होते. जवळच्या हिमाचलातल्या सुबाथूच्या खडकांतूनही देवमाशाचा जबडा मिळाला आहे.

रेमिंग्टनोसीटसच्या कुळाचा अंतर्कर्ण स्कॅनमुळेच उलगडला. तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका कानाच्या अतिशय टणक हाडात असतात. त्या पाहायला हाड फोडले तर दुर्मीळ नमुनाच संपतो. फ्रेड स्पूर, सुनील बाजपेयी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात दाखवले, की या नलिका चार कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच, आजच्या देवमाशांसारख्या, शरीराच्या मानाने फारच लहान झाल्या होत्या. जमिनीवर चपळ वावरणाऱ्या सस्तन प्राण्याला त्या पुरल्या नसत्या. म्हणजे पाण्याशी जुळवून घेणे फार लवकर घडले. हे कुणाच्या कुंचल्यातून आलेले नाही.

आजच्या प्राण्यांचा स्कॅन झाला की विच्छेदन नको, असे म्हणणेही चूक. ऊतींचा रंग आणि डीएनए सीटीत येत नाहीत. जेलीफिशसारखे मऊ शरीर तर आयोडीनसारखे द्रव्य मुरवल्याशिवाय साध्या सीटीत नीट दिसतच नाही. आणि प्रत्येक स्कॅन सीटी नसतो: लेझर स्कॅनर फक्त बाहेरचा आकार टिपतो, आतले हाड त्याला दिसत नाही.