एक विमान, दोन पायलट: लॉगबुकमध्ये तास कुणाचे?

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. अमेरिकेत फ्लाइंग शिकायला गेलेली आपली मुलं-मुली प्रायव्हेट पायलट लायसन्स हातात पडलं की जोडी जमवतात. विमान भाड्याने घ्यायचं, खर्च निम्मा-निम्मा आणि तास वाढवायचे. मग प्रश्न येतोच: दोघांनी मिळून दोन तास फ्लाय केलं, तर दोघांनीही दोन-दोन तास लिहायचे का?

नाही. कधी एकालाच तास मिळतात, कधी दोघांनाही. पण दोघांनाही मिळाले तरी आकडे सहसा सारखे नसतात. का, ते बघू.

आधी दोन प्रश्न वेगळे करा

पहिला प्रश्न: विमानाची जबाबदारी कुणाची? म्हणजे पायलट इन कमांड, आपला पीआयसी, कोण? तो एका वेळी एकच असतो. काही बिनसलं तर शेवटचा शब्द त्याचा.

दुसरा प्रश्न: लॉगबुकच्या पीआयसी रकान्यात तास कोण लिहू शकतं? अमेरिकेच्या एफएएने याचं उत्तर नियम ६१.५१ मध्ये स्वतंत्रपणे दिलंय. त्या विमानाचं रेटिंग तुमच्याकडे असेल आणि कंट्रोल्स एकट्या तुमच्याच हातात असतील, तर तेवढा वेळ तुम्ही पीआयसी लिहू शकता.

आता गंमत बघा. सेस्ना १७२ मध्ये तुमची मैत्रीण कमांडमध्ये आहे, पण विमान तुम्ही चालवताय. तास तुमचे! जबाबदारी तिची असूनही तिला त्या वेळाचं काहीच लिहिता येत नाही, कारण या विमानाला एकच पायलट पुरतो. शेजारी बसून रेडिओ सांभाळला, नकाशा बघितला, तरी त्याचे तास होत नाहीत.

(शेजारी इन्स्ट्रक्टर असेल आणि तो शिकवत असेल, तर गोष्ट वेगळी. मग रेटिंग असलेला शिकणारा आणि इन्स्ट्रक्टर, दोघंही पीआयसी लिहू शकतात.)

हूड घातलं की गणित बदलतं

ढगात उडायचा सराव करताना पायलट डोळ्यांवर हूड किंवा खास चष्मा घालतो. त्याला फक्त समोरची इन्स्ट्रुमेंट्स दिसतात, बाहेरचं काही नाही. मग समोरून येणारं विमान कोण बघणार? म्हणून नियम ९१.१०९ प्रमाणे सेफ्टी पायलट सक्तीचा आहे. त्याच्याकडे किमान प्रायव्हेट लायसन्स आणि त्या प्रकारच्या विमानाचं रेटिंग हवं. मेडिकलही चालू हवं.

म्हणजे तेवढा वेळ दुसरा पायलट नियमानेच गरजेचा झाला. म्हणून त्यालाही तास मिळतात, पण फक्त हूड वर असेपर्यंत.

उदाहरण घेऊ. फीनिक्सहून टूसॉनला गेलात. एकूण वेळ २.० तास, त्यातलं हूड १.४ तास. सगळा वेळ कंट्रोल्स तुमच्याकडे.

- तुम्ही: पीआयसी २.०, सिम्युलेटेड इन्स्ट्रुमेंट १.४, क्रॉस-कंट्री २.०, लँडिंग १.
- सेफ्टी पायलट: फक्त १.४. त्या वेळात कमांड त्याने घेतली असेल तर पीआयसी, नाहीतर एसआयसी, म्हणजे सेकंड इन कमांड. क्रॉस-कंट्री शून्य, लँडिंग शून्य.

परत येताना जागा बदला, मग हिशेबही उलटा होईल.

इंजिन सुरू करण्याआधी

कमांड कुणाकडे, हे जमिनीवरच ठरवा. 'उतरल्यावर बघू, ज्याला तास कमी त्याचे लिहू' असं चालत नाही. कमांड घेणाऱ्याचा फ्लाइट रिव्ह्यू झालेला हवा, विमानाला लागणारी एंडोर्समेंट्स हवीत आणि आयएफआर प्लॅनवर जात असाल तर इन्स्ट्रुमेंट रेटिंगही हवं. भाडेकरार आणि विमा त्याला कमांड घेऊ देतात का, तेही वाचा. हूडचा वेळ लिहिताना सेफ्टी पायलटचं नाव नोंदवणं बंधनकारक आहे. त्यामुळे दोन लॉगबुकं शेजारी ठेवली की खोटं लगेच उघडं पडतं. आणि एफएएच्या नियमांत खोट्या नोंदीसाठी लायसन्स रद्दही होऊ शकतं.

घरी परत येणाऱ्यांसाठी

भारतात कमर्शियल लायसन्सला २०० तास लागतात, त्यातले १०० पीआयसी. आणि लायसन्स कन्व्हर्ट करताना हिशेब डीजीसीएच्या नियमांनी होतो, एफएएच्या नाही. म्हणून माझा सल्ला सरळ आहे. सेफ्टी पायलटचे तास रिमार्कमध्ये स्पष्ट लिहा, म्हणजे कुणी वजा करायला सांगितले तर एका बेरजेत बाजूला निघतील. आणि २०० आणि १०० हे दोन्ही आकडे ते तास न धरता पूर्ण करा. घरच्यांनी कर्ज काढून पाठवलेलं असतं. शेवटच्या दहा-वीस तासांसाठी फाइल अडकणं कुणालाच परवडत नाही.

पुढे एअरलाइनचे अर्ज भरतानाही हेच लक्षात ठेवा. अनेक अर्जांत पीआयसी म्हणजे 'ज्याच्यावर खरी जबाबदारी होती तो' असा अर्थ दिलेला असतो. तिथे नुसते कंट्रोल्स हातात असलेले तास चालत नाहीत. म्हणून अर्जातली व्याख्या आधी वाचा, मग बेरीज करा.

आज रात्री लॉगबुक उघडा आणि प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: हा वेळ मी कोणत्या नियमाने लिहिलाय? उत्तर देता आलं, तर ती ओळ पक्की. भेटू पुढच्या भागात!