संगणक मंद झाला? आधी दुखणे ओळखा, मग खर्च करा



या पानावर आम्ही एरवी लागणीचे अंतर, बेणेप्रक्रिया, खोडव्यातील पाचट याविषयी लिहितो. या वेळचा विषय थोडा वेगळा आहे. ऊसनोंदीसाठी वाडीवस्तीवर फिरताना बऱ्याच घरांत टेबलावर कापड झाकून ठेवलेला संगणक दिसतो. मुलांच्या शिक्षणासाठी पाच-सात वर्षांपूर्वी घेतलेला. विचारले की उत्तर ठरलेले. "साहेब, लई स्लो झालाय. चालू करून जनावरांना वैरण टाकून यावं, तवा कुठं उघडतोय. आता नवाच घ्यावा म्हणतो."

नवा घेण्यास आमची हरकत नाही. पण उसाच्या बिलातून एवढी मोठी रक्कम काढण्यापूर्वी दुखणे नेमके कुठे आहे ते पाहावे, नाही तर दुखणे म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असे व्हायचे.

संगणकातले काम आपल्या कारखान्यासारखेच चालते. प्रोसेसर म्हणजे मिल. रॅम म्हणजे गव्हाण, म्हणजे चालू कामाचा माल जिथे तात्पुरता पडतो ती जागा. आणि हार्ड डिस्क म्हणजे शिवार. सगळा माल तिथे कायम उभा असतो, लागेल तसा तिथून आणावा लागतो. मिल कितीही दमदार असो, शिवारातून ऊस वेळेवर आला नाही तर ती रिकामीच फिरणार. जुन्या संगणकांत बहुधा हेच घडते. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणारी तबकडी असते आणि एक बारीक दांडा तिच्यावर इकडे-तिकडे सरकत माल शोधतो. प्रोसेसर तोवर वाट बघत बसतो.

हे ओळखायचे कसे? संगणक रखडत असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावीत. 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स'खाली सीपीयू, मेमरी व डिस्क यांचे टक्के दिसतात. डिस्क सारखी शंभराला टेकली असेल तर अडचण डिस्कपाशी. मेमरी काठोकाठ भरली असेल तर रॅम अपुरी. दोन्ही निवांत आणि सीपीयू मात्र शंभरावर, तर मिलच तोकडी किंवा तापलेली. एवढे कळले की पुढची वाट सोपी.

१) पहिले काम, नक्कल. कशालाही हात लावण्यापूर्वी फोटो, कागदपत्रे, मुलांचे दाखले पेनड्राईव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावेत. आमच्या गटातील एका सभासदाच्या संगणकातून काही दिवस खटखट आवाज येत होता. दुरुस्तीवाल्याने न विचारता सगळे पुसून नवे विंडोज टाकून दिले. संगणक जरा पळू लागला, पण वारलेल्या वडिलांचे फोटो आणि ठिबकच्या अनुदानाचे कागद गेले ते गेलेच. डिस्कमधून खटखट येणे हे ती मरायला टेकल्याचे लक्षण समजावे, आणि त्याच दिवशी नक्कल घ्यावी.

२) बिनखर्ची कामे. संगणक सुरू होताना दहा प्रोग्रॅम त्याच्या मानेवर बसतात. टास्क मॅनेजरमधील 'स्टार्टअप' यादीत जाऊन जे रोज लागत नाहीत ते 'डिसेबल' करावेत. अँटीव्हायरस मात्र राहू द्यावा. वापरात नसलेले प्रोग्रॅम काढून टाकावेत. डिस्क काठोकाठ भरू नये, पाचवा हिस्सा तरी मोकळा असावा. ब्राउझरच्या वीस-वीस खिडक्या उघड्या ठेवू नयेत. आणि आठवड्यातून एकदा 'रिस्टार्ट' करावे. विंडोजमध्ये नुसते 'शट डाउन' केल्याने पुष्कळदा आतली व्यवस्था पुरती बंद होत नाही, जशीच्या तशी साठवून ठेवली जाते. रिस्टार्टने ती नव्याने सुरू होते.

३) धूळ. आपल्या भागात मातीची धूळ आहेच, शिवाय हंगामात बॉयलरच्या चिमणीची काळी राख अंगणात पडते हे आम्ही वेगळे सांगायला नको. ती पंख्यात बसली की वारा खेळत नाही. प्रोसेसर तापला की तो स्वतःच आपला वेग कमी करतो, जळू नये म्हणून. वर्षातून दोनदा वायर काढून, झाकण उघडून मऊ ब्रशने किंवा लहान ब्लोअरने धूळ काढावी. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, गरगर फिरू देऊ नये. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नये, खालची भोके बुजतात. लाइट सारखी ये-जा करते तिथे यूपीएस आणि नीट अर्थिंग हवेच. काम चालू असताना वीज गेली तर फायली बिघडतात.

४) खर्चाची कामे. डिस्कच अडवत असेल तर तिच्या जागी एसएसडी बसवावी. तिच्यात फिरणारा भागच नाही, त्यामुळे माल लगेच हाती येतो. जुन्या संगणकाला याइतका गुण दुसऱ्या कशाने येत नाही, आणि खर्च नव्या संगणकाच्या मानाने थोडा. रॅम चार जीबी असेल तर आठ करावी. मात्र डीडीआर-३ की डीडीआर-४ ते पाहूनच घ्यावी, एकाची दुसऱ्याला बसत नाही. काही लॅपटॉपमध्ये रॅम वाढवताच येत नाही, हे आधी विचारून घ्यावे. एसएसडीला 'डीफ्रॅग' करायची गरज नसते.

५) काय करू नये. 'तुमचा संगणक धोक्यात आहे, या नंबरवर फोन करा' अशी खिडकी उघडली तर फोन करू नये. ती फसवणूक असते. 'एका क्लिकवर दुप्पट वेग' म्हणणारी फुकट औषधे टाकू नयेत. दोन-दोन अँटीव्हायरस एकत्र ठेवू नयेत. एका म्यानात दोन तलवारी राहात नाहीत.

आता विंडोज १० विषयी. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. संगणक चालायचा थांबत नाही, पण वाढीव सुरक्षेसाठी नोंदणी केलेली नसेल तर त्याला नव्या रोगांवरची लस मिळत नाही. अशा संगणकावर बँकेचे व्यवहार करणे जोखमीचे. विंडोज ११ चालत असेल तर ते घालावे. जुन्या प्रोसेसरवर ते बसत नाही. तिथे 'लिनक्स मिंट' ही फुकट मिळणारी प्रणाली घालता येते. ती हलकी आहे आणि तिच्यात मराठीही टाइप करता येते. मात्र विंडोजवरच चालणारे एखादे सॉफ्टवेअर लागत असेल तर आधी चौकशी करावी.

एवढे करूनही प्रोसेसर शंभरावरच राहात असेल तर ती मिल खरोखर थकली असे समजावे आणि मग खुशाल नवा घ्यावा. तो खर्च वाया जाणार नाही, कारण तो दुखणे बघून केलेला असेल.

आपला कारखाना हंगाम संपला की रोलर काढतो, बॉयलर साफ करतो, बेअरिंग तपासतो. तेव्हा कुठे पुढचा हंगाम बिनबोभाट जातो. घरच्या संगणकालाही वर्षातून एक दिवस असाच द्यावा. पाडव्यानंतरचा एखादा रविवार त्यासाठी बरा. घरातल्या शाळकरी मुलाला किंवा मुलीला सोबत घ्यावे, म्हणजे पुढच्या वर्षी हे काम तीच करतील.

ऊस विकास अधिकारी
शेती विभाग