रेस सोडली की बंद

जुनी गाडी पहिल्याच सेल्फला चालू होते. रेस दिली की छान गुरगुरते. पाय उचलला की मात्र थरथरते, दोन आचके देते आणि बंद पडते. मिस्त्री म्हणतो, ‘इंजिनाचं काम काढावं लागेल.’ खर्चाचा आकडा ऐकून मालकाच्या पोटात गोळा येतो आणि वडिलांनी घेतलेली पद्मिनी किंवा घरातली पहिली मारुती भंगाराच्या भावात जाते. अशा कितीतरी गाड्यांचे इंजिन धडधाकट असते.

कुर्ल्यात तयार झालेल्या पद्मिनीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. तरी गावोगावी अशा गाड्या अजून जपलेल्या दिसतात. त्यांच्यासाठी हे बोलणे.

इंजिनाच्या या संथ चालीला इंग्रजीत ‘आयडल’, म्हणजे रिकामटेकडे, म्हणतात. नाव फसवे आहे. उभ्या गाडीतही इंजिन मिनिटाला आठ-नऊशे फेरे घेत असते आणि त्याला पेट्रोल लागतेच. पण रेस सोडल्यावर कार्बोरेटरची झडप जवळजवळ मिटते. मुख्य जेटमधून पेट्रोल ओढून घेईल एवढा हवेचा झोत उरत नाही. म्हणून आत एक वेगळी, बारीक वाट ठेवलेली असते. तिच्यावर स्लो जेट बसवलेले असते. त्याचे छिद्र जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे. टाकीतल्या गंजाचा एक कण तिथे अडकला की स्लोचे पेट्रोल बंद. रेस दिल्यावर मोठी वाट खुली होते, म्हणून गाडी पळते.

दुसरा संशयित म्हणजे हवा. कार्बोरेटरखालचे पॅकिंग चिरले किंवा व्हॅक्यूमची रबरी नळी तडकली, तर फाजील हवा आत शिरते. एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण पंधरा भाग हवा, हा हिशेब मोडतो. वेगात ही चोरटी हवा खपून जाते, स्लोवर खपत नाही. आमचे मिस्त्री याला ‘गाडी हवा घेते’ म्हणतात. याहून नेमके शब्द मला तरी सुचणार नाहीत.

मग ओळखायचे कसे? गरम इंजिन बंद पडू लागले की चोक थोडा ओढावा. चोकमुळे हवा कमी होते, पेट्रोल वाढते. इंजिन सावरले, तर जेट तुंबले आहे किंवा हवा शिरते आहे. नळ्या एकेक करून चिमटीत दाबाव्या, सुसकारा येतो का ऐकावे. फिरत्या पंख्यापासून बाही, ओढणी दूर ठेवावी. चोक ओढल्यावर इंजिन आणखी गुदमरून काळा धूर आला, तर पेट्रोलच जास्त होते आहे. फ्लोट आणि एअर फिल्टर पाहावे. काहीच फरक पडला नाही, तर प्लग आणि पॉइंट तपासावे. गळती शोधायला काही जण गरम इंजिनावर पेट्रोल शिंपडतात. तो आगीशी खेळ आहे.

कार्बोरेटरच्या मारुतीत आणखी एक गंमत आहे. स्लोचे पेट्रोल तिथे विजेच्या छोट्या झडपेतून जाते. इंजिन चालू न करता नुसती चावी फिरवली की ‘टक्’ आवाज यायला हवा. नाही आला, तर आधी वायर सुटली आहे का पाहावे. नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांत हवेच्या झडपेवर साचलेला कार्बन हेच दुखणे असते.

हे सारे टाळून स्लोचा स्क्रू पिळून रेस वाढवून देणारे पुष्कळ. गाडी बंद पडत नाही, पण पेट्रोल जळते, ब्रेक दाबला तरी गाडी पुढे रेटते आणि मूळ दोष जागेवरच. ज्या गाड्यांच्या ब्रेकला व्हॅक्यूमचा आधार असतो, त्यांचे इंजिन बंद पडले की दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो. शहापूरच्या महामार्गावर, मागे ट्रक असताना, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते उसापासून होते, तसे आपल्या भंडाऱ्यात पिकतो त्या तांदळाच्या कणीपासूनही होते. पण ते पाणी धरते, जुने रबर फुगवते आणि टाकीतला मळ सुटा करते. म्हणून जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या नळ्या नव्या रबराच्या घालाव्या, फिल्टर वेळेवर बदलावा, टाकी भरून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये. आणि जेट काढले, तर तारेने टोचू नये. ते पितळेचे असते, छिद्र मोठे होते. हवेने फुंकून घ्यावे.