जामखेडचा व्हॉलीबॉल

डॉ. रजनीकांत आरोळे यांचा जन्म १९३४ चा, नगर जिल्ह्यातला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकताना त्यांची मेबल यांच्याशी ओळख झाली. लग्नानंतर दोघांनी काही वर्षे नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केले. बरे होऊन गेलेले रुग्ण त्याच दुखण्याने परत येत, कारण रोगाची मुळे घरात, पाणवठ्यावर होती. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९७० मध्ये दोघे अवर्षणग्रस्त जामखेडला आले आणि त्यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

आसपासच्या गावांत जातीच्या भिंती होत्या. सगळ्या वस्त्यांतली माणसे एकत्र बसल्याशिवाय पाण्याचा प्रश्न सुटणार नव्हता. डॉक्टरांनी व्हॉलीबॉलचा चेंडू नेला. आधी लोक लांब उभे राहून पाहत, मग हळूहळू खेळात उतरले. चेंडू एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातो, तिथे शिवाशीव पाळणार कशी? खेळ संपल्यावर गप्पा होत आणि त्या गप्पांतूनच शेतकरी मंडळे उभी राहिली. पुढे हातपंप मुद्दाम दलित वस्तीत बसवले. पाणी हवे तर सगळ्यांनी तिथेच यायचे. आरोग्याच्या कामातली ही सर्वांत धाडसी चाल म्हणावी लागेल.

नर्स खेड्यात राहायला तयार नसत. म्हणून गावातल्याच स्त्रिया आरोग्यसेविका म्हणून निवडल्या. बहुतेक निरक्षर, अनेक दलित. दर आठवड्याला जामखेडला येऊन त्या शिकत आणि शिकलेले गावात सांगत. जुलाब झालेल्या बाळासाठी एक लिटर उकळून गार केलेले पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा चमचा मीठ. आतड्याच्या पेशींतले एक प्रथिन साखरेतले ग्लुकोज आणि मिठातले सोडियम जोडीनेच आत घेते आणि त्यांच्यामागून पाणी शोषले जाते. जुलाबातही ही वाट बहुधा शाबूत राहते, म्हणून नुसत्या पाण्यापेक्षा हे मिश्रण जीव वाचवते.

प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत. पुढच्या काही दशकांत हा आकडा तिसाच्या खाली आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५ च्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आहे. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये.