उरल्या सुताचें रंगीत आसन

हातमागावरील कापड पुरें झालें तरी कांहीं सूत उरतेंच. ताण्याचें शेवटचें टोंक फणीच्या मागें अडकलेलें असतें. तेथें धोट्याला वाट मिळत नाहीं, म्हणून तेवढा तुकडा कापून काढावा लागतो. कांडीवरचा बाणाही क्वचितच नेमका संपतो. यांत विणकराचा हलगर्जीपणा नाहीं. मागाची रचनाच तशी आहे. जपानांत या उरल्या सुतास 'झान्शी' म्हणतात. विणकरांच्या घरीं त्याचें पट्ट्यापट्ट्यांचें कापड विणीत.

शाळेची नोकरी संपल्यावर मीं खिडकीपाशीं एक लहानसा माग मांडला आणि अशाच गांठोड्यांतल्या सुतानें नातीसाठीं आसन विणलें. तीन आठवडे खपलों. पहिल्याच धुण्यांत तांबडा रंग पांढऱ्यावर उतरला. शिवाय शोभेसाठीं मध्यें लोकरीचा पट्टा घातला होता, तो गरम पाण्यांत आटला व दोन्ही कांठ आंत ओढले गेले. "आजोबा, हें रडतंय," असें पोर म्हणाली. खरेंच होतें तें.

तेव्हांपासून मी सुताची जात आधीं पाहतों, रंग मागाहून. संशय आल्यास धाग्याचें टोंक जाळून पाहावें : कापसाला जळत्या कागदाचा वास येतो, लोकर व रेशीम यांना जळत्या केसांचा. नंतर प्रत्येक रंगाची लडी पांढऱ्या फडक्यांत गुंडाळून कोमट साबणाच्या पाण्यांत अर्धा तास ठेवावी. फडक्यावर डाग पडला तर तें सूत पांढऱ्याशेजारीं घालूं नये.

आतां हिशेब. वीस नंबरी सूत म्हणजे एका पौंडांत 840 वारांच्या वीस लडी. 100 ग्रॅमांत सुमारें 3,400 मीटर. चाळीस नंबराचें दुपदरी सूत जाडीला याच्याच बरोबरीचें, म्हणून दोन्ही बेलाशक मिसळावीं. 60 सेंटिमीटर रुंद व एक मीटर लांब आसनास, चार पदर एकत्र घेऊन दर सेंटिमीटरास आठदां धोटा फिरविला व कांठासाठीं दहावा हिस्सा अधिक धरला, तर बाण्याला 60 ते 65 ग्रॅम सूत पुरतें. लहानसा तराजू जवळ असला कीं मध्येंच रंग संपण्याची धास्ती उरत नाहीं.

ताणा मात्र नव्या, एकाच गडद सुताचा असावा. तुकडे जोडलेला ताणा फणींत गांठी घांसून तुटतो. मीं हट्टानें दोनदां करून पाहिलें आहे. बाण्यांत गांठ न मारतां नवें टोंक जुन्यावर दोन बोटें चढवून ठोकावें.

कित्येक हौशी मंडळी पिशवींत हात घालून येईल तो रंग विणतात. मला तें रुचत नाहीं. सर्वांत थोडा असलेला रंग आधीं वेगळा काढावा व आसनभर चारपांच ठिकाणीं वांटावा. मग तो चुकून आल्यासारखा दिसत नाहीं. नातीच्या दुसऱ्या आसनांत हळदी रंग जेमतेम सात ग्रॅम होता. ती त्यावर बसते तेव्हां प्रथम तोच मोजते.